वारंवार मद्यत्याग आणि पुढील उपचार

श्रावण लागला की मद्य बंद आणि तो सरला की पुन्हा सुरू, असा क्रम आपल्याकडे अनेक घरांतून वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. प्रसंगोपात्त पिणाऱ्यास त्यापासून अपाय नाही. परंतु ज्याचे शरीर रोजच्या मद्यास सरावले आहे, त्याने ते एकाएकी तोडणे, पुन्हा धरणे व पुन्हा तोडणे ही गोष्ट वेगळी होय.

मद्यामुळे मेंदूतील ‘गॅबा’ या शामक द्रव्याचा प्रभाव वाढतो व ‘ग्लुटामेट’ या उत्तेजक द्रव्याचा घटतो. सततच्या सेवनाने मेंदू याच्या उलट दिशेने स्वतःस जुळवून घेतो. अशा स्थितीत मद्य अकस्मात थांबले म्हणजे उत्तेजना अनावर होते. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप नाहीशी होते. काहींना 6 ते 48 तासांत आकडी येते. साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास व भ्रम सुरू होऊन स्थळकाळाचे भान सुटू शकते. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते.

यातील प्रत्येक खेप मागे काही ठेवून जाते. 1969 साली ग्रॅहम गॉडार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूस दिलेला सौम्य विद्युत्‌प्रवाह प्रारंभी निष्प्रभ ठरे. तोच रोज दिल्यावर आकडी येऊ लागे. चुलीत चिपाडे घालून जाळ धरविण्याच्या क्रियेवरून यास ‘किंडलिंग’ हे नाव पडले. 1978 मध्ये बॅलेंजर व पोस्ट यांनी हीच उपपत्ती मद्यत्यागास लावली. पुढे 1988 च्या एका अमेरिकन पाहणीत, आकडी आलेल्या रुग्णांपैकी 48 टक्क्यांनी पूर्वी पाच वा अधिक वेळा मद्यत्याग केल्याचे आढळले. आकडी न आलेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होते. असे रुग्ण बहुधा अधिक काळ व अधिक प्रमाणात पिणारेही असतात, तेव्हा सारा दोष किंडलिंगचाच असे म्हणता येत नाही. धोक्याची सूचना म्हणून मात्र हे पूर्ववृत्त फार मोलाचे आहे.

नेमके हेच नातेवाईक लपवितात. ‘पहिल्यांदाच आणले आहे’, असे संकोचाने सांगितले जाते. डॉक्टर त्यानुसार सौम्य उपाययोजना करतात आणि रात्री आकडी येते. पूर्ववृत्त कळल्यास रुग्णास दाखल करून घेणे, डायझेपाम वा क्लोरडायझेपॉक्साइड वेळीच व पुरेशा मात्रेत देणे, तसेच ग्लुकोजच्या सलाइनपूर्वी किंवा निदान त्यासोबत थायमिन टोचणे, ही दक्षता आधीच घेता येते. (सलाइनसाठी आग्रह धरणाऱ्या मंडळींनी थायमिनचीही चौकशी करावी.)

मोजदाद केवळ व्यसनमुक्ती केंद्रातील खेपांची करावयाची नाही. नवसासाठी सोडलेली, अन्य आजारात रुग्णालयात वा कोठडीत असताना सुटलेली, मार्च 2020 च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाल्याने तुटलेली, या सर्व खेपा धराव्यात. त्या वेळी थरथर, भास वा आकडी झाली होती काय, हे कागदावर लिहून न्यावे. पूर्वी आकडी आलेल्याने घरच्या घरी एकदम सोडण्याचे धाडस करू नये. मद्य अवश्य सोडावे, पण वैद्यकीय देखरेखीखाली. जवळच्या केंद्राची माहिती 14446 या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर मिळते.