कोच बदलला... पण का?

या वर्षी तुमच्या कॉलेजच्या टीमला नवे सर आलेत? मग जुने सर का गेले, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?

नाही ना? मलाही कधी कुणी सांगितलं नाही. वसईतल्या एका कॉलेजात मी तीन वर्षं मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये होते. तीन वर्षांत तीन कोच. एफवायला एक सर, एसवायला दुसरे सर, टीवायला मॅडम. दरवेळी जिमखान्यात गेल्यावरच कळायचं, 'अगं, यंदा वेगळे आहेत.' बस्स, विषय संपला.

पहिले सर बोरिवलीहून यायचे. सकाळी सातला कोर्टवर हजर. जुलैत आपल्याकडे काय अवस्था असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कोर्टवर पाणी आणि सिमेंटवर शेवाळ. सर आमच्या हातात खराटा द्यायचे आणि एक स्वतः घ्यायचे. पाऊस थांबलाच नाही, तर जिन्याखालच्या पॅसेजमध्ये ड्रिबलिंग. तेही फक्त डाव्या हातानं. दोन महिने हेच चाललं. आम्ही जाम वैतागलो होतो. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच राउंडला हरलो, तेही दणकून. पुढच्या वर्षी सर नव्हते.

दुसऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात पाच जणी नक्की केल्या. सगळ्या शाळेपासून खेळत आलेल्या. मॅचभर त्याच खेळायच्या, आम्ही बाकीच्या सात जणी बाकावर. टीम क्वार्टर फायनलला पोचली. नोटीस बोर्डावर फोटो लागला, सरांचं कौतुक झालं. पण त्या पाचातल्या चौघी टीवायच्या होत्या. त्या पास आउट झाल्या. तिसऱ्या वर्षी मॅडमच्या वाट्याला आलो आम्ही. पहिल्या वर्षी अर्धवट शिकलेल्या आणि दुसरं वर्षभर टाळ्या वाजवत बसलेल्या! हरलो. खापर कुणावर फुटलं? अर्थात मॅडमवर.

आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी नालासोपाऱ्याची होती. टीवायला ती आलीच नाही. म्हणाली, 'दरवर्षी नव्या माणसाला पहिल्यापासून दाखवायचं की मला येतं. कंटाळा आला यार.' कोच बदलण्याची ही किंमत कुठल्याच स्कोअरशीटवर लिहिलेली नसते.

खेळ शोधला, पण मॅचेस हरले!

बास्केटबॉल शोधला कुणी? जेम्स नाइस्मिथ यांनी, 1891 मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या टीमचे पहिले कोच झाले. त्यांचा रेकॉर्ड बघा : 55 विजय, 60 पराभव. त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हा एकमेव कोच. पण त्यांच्याच हाताखाली खेळलेले फॉग ॲलन पुढे कोच झाले आणि नामवंत ठरले. आज तिथल्या स्टेडियमला ॲलन यांचं नाव आहे आणि आतल्या कोर्टला नाइस्मिथ यांचं.

दुसरं नाव जॉन वुडन. 1948 मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या कॉलेजात कोच म्हणून आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं 1964 ला, म्हणजे सोळाव्या सिझनला! ते धरून बारा सिझनमध्ये दहा विजेतेपदं. आपल्याकडे असते, तर दुसऱ्या जुलैलाच त्यांच्या जागी 'वेगळे सर' आले असते.

एकाच फायनलमधले दोन कोच

अमेरिका लांब वाटत असेल, तर आपल्या मुंबईकडे या. खेळ क्रिकेटचा, पण प्रश्न तोच. चंद्रकांत पंडित कोच असताना मुंबईनं 2015-16 ची रणजी जिंकली. पुढच्या सिझनला फायनलमध्ये गुजरातकडून हरली. मुंबईनं पंडितांना कायम ठेवलं नाही. ते विदर्भाकडे गेले. विदर्भानं तोवर एकदाही रणजी जिंकली नव्हती. 2017-18 ला जिंकली आणि 2018-19 ला पुन्हा. मग पंडित मध्य प्रदेशचे कोच झाले. 2022 च्या फायनलला समोर कोण? मुंबई! मध्य प्रदेशनं पहिल्यांदा रणजी उचलली.

त्या फायनलला हरलेल्या मुंबईचे कोच होते अमोल मुझुमदार. 2023 मध्ये ते भारतीय महिला टीमचे मुख्य कोच झाले. 2025 च्या वर्ल्ड कपमध्ये आपली टीम दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून सलग तीन मॅच हरली. त्या आठवड्यात सोशल मीडियावर काय चाललं होतं, आठवतंय ना? तेव्हाच निकाल लावून टाकला असता तर? 2 नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या हातात वर्ल्ड कप होता.

म्हणजे हरणारा प्रत्येक कोच थोरच असतो का? अजिबात नाही. एका निकालावरून त्याला जोखता येत नाही, एवढंच.

मग जोखायचं कसं?

मी खेळाडू होते, कोच नाही. तरी बाकावर बसून जे कळलं, ते सांगते. एक वही करा आणि सिझनभर लिहा.

फ्री थ्रो : समोर कुणी अडवायला नसतं, त्यामुळे सरावाचा परिणाम इथे सरळ दिसतो. पहिल्या दिवशी प्रत्येकीनं वीस टाकायचे, किती गेले ते लिहायचं. सिझनच्या शेवटी पुन्हा वीस. आकडा वाढला का?

टर्नओव्हर : चुकीचा पास, डबल ड्रिबल, हातातून निसटलेला बॉल. मॅच हरलात, पण पहिल्या मॅचपेक्षा हे कमी झालं का?

बाकावरचे : टीम बारा जणांची असते. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. पाचव्या नंतरच्या खेळाडूंना किती मिनिटं मिळाली? पुढच्या वर्षीची टीम तिथेच बसलेली असते.

टाइम-आउट : पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन मिळतात. कोचनं ते कधी घेतले? त्यानंतर खेळ बदलला, की नुसता ओरडा बसला?

सुरुवात : कोचच्या हाती टीम आली, तेव्हा ती कुठे होती? शाळेपासून खेळणाऱ्या पाच जणी मिळणं आणि पहिल्यांदाच बॉल हातात घेणाऱ्या बारा जणी मिळणं, ही एकच परीक्षा नाही.

एका बाबतीत मात्र वही-बिही काही नको. कोच अपमान करतो, जातीवरून किंवा शरीरावरून बोलतो, मुलींशी नीट वागत नाही, ओळखीच्यांनाच खेळवतो, तर टीम जिंकत असली तरी तक्रार करा. तिथे पुढच्या सिझनची वाट बघायची नसते.

आणि कोच बदलायचाच असेल, तर कॉलेजनं खेळाडूंना समोर बसवून कारण सांगावं. जुन्या सरांची वही नव्या सरांच्या हातात द्यावी. आमच्या मॅडमना कुणी एवढं जरी सांगितलं असतं, की या मुलींना डाव्या हाताचं शिकवून झालंय, तर त्यांचा पहिला महिना वाचला असता.

मुंबईत नागपाड्याला बास्केटबॉलचं माहेरघर म्हणतात. 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे, भारताचे कॅप्टन राहिलेले अब्बास मुंतसिर तिथलेच. तिथल्या पोरांच्या पिढ्या घडवणाऱ्या बच्चू खान यांच्या नावानं आज महापालिकेचं मैदान आहे. त्यांच्या टीम किती मॅच हरल्या, हे त्या मैदानावर कुणी विचारत नसेल.

हा लेख लिहायच्या आधी मी पहिल्या सरांना फोन केला. चार वर्षांनी. त्यांनी आवाज लगेच ओळखला. आम्ही एवढं वाईट हरलो होतो, त्याबद्दल सॉरी म्हणणार होते. त्यांनी आधीच विचारलं, 'खेळतेस का अजून?' म्हटलं, रविवारी, सोसायटीतल्या मुलींबरोबर.

'आणि डावा हात?'

'चालतो, सर.'

तुमच्याकडेही असा एखादा नंबर असेलच. आज लावून बघा. आणि सोमवारी जिमखान्यात जाऊन विचारा, आमचे सर का बदलले?