घोडा ठणठणीत, तरी साथीचं मूळ तोच? केंटकीतल्या १९८४ च्या साथीची गोष्ट

शर्यतीच्या घोड्यांची पैदास म्हटलं की अमेरिकेतल्या केंटकी राज्याचं नाव हमखास येतं. १९८४ मध्ये तिथल्या स्टड फार्मवर एक विषाणू शिरला आणि ४१ फार्मपर्यंत पोहोचला. अनेक देशांनी तिथून घोडे आणण्यावर निर्बंध घातले. आजाराचं नाव होतं इक्वाइन व्हायरल आर्टेरायटिस, म्हणजेच ईव्हीए.

नेमकं होतं काय?

ताप येतो, पाय सुजतात, डोळे लाल होतात, नाक वाहतं. मोठे घोडे बहुतेक वेळा बरे होतात. पण गाभण घोड्या गाभडतात आणि नवजात शिंगरं न्यूमोनियानं दगावू शकतात. या विषाणूवर खास औषध नाही.

पसरतो कसा?

दोन वाटांनी. एक श्वासातून, दुसरी वीर्यातून. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. त्यामुळे एकाच नराकडे अनेक फार्मवरच्या घोड्या येतात आणि विषाणू घेऊन परततात.

साथ आली तर काय करतात?

सर्वात आधी घोड्यांची ये-जा आणि प्रजनन बंद. रोज ताप मोजायचा, आजारी घोडे वेगळे ठेवायचे, त्यांच्यासाठी माणूस आणि बादल्याही वेगळ्या. गाभण घोड्या तर लांबच. शेवटचा आजारी घोडा सापडल्यानंतरही किमान तीन आठवडे ही बंधनं पाळली जातात.

मग साथ संपली का?

इथंच खरी मेख आहे. घोड्या विषाणूपासून पूर्ण मुक्त होतात. काही नर मात्र बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं वीर्यातून विषाणू सोडत राहतात. दिसायला एकदम धडधाकट! विषाणूला तग धरायला नराचं टेस्टोस्टेरॉन लागतं. त्यामुळे खच्चीकरण केल्यास तो जातो, पण मग पैदाशीसाठी तो घोडा उपयोगाचा राहत नाही.

म्हणून आधी नराचं रक्त तपासतात. अँटिबॉडी नसतील तर लस देऊन सुमारे २८ दिवस वेगळं ठेवतात. असतील तर वीर्याची तपासणी होते. हा क्रम उलटवून चालत नाही, कारण लस दिल्यावर अँटिबॉडी लसीमुळे आल्या की आजारामुळे, हे रक्तावरून कळत नाही.

विषाणू सोडणारा नर सापडलाच, तर त्याच्याकडे फक्त लस घेतलेल्या किंवा आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या घोड्या पाठवतात.

थोडक्यात, ताप उतरला म्हणजे साथ संपली असं नाही. पागेतल्या प्रत्येक नराची तपासणी झाल्यावरच ते ठरतं.