मैदानावरून माईककडे

फुटबॉलच्या प्रक्षेपणात आवाज सहसा दोन. मुख्य समालोचक चेंडूबरोबर धावतो. रिप्ले लागला की माजी खेळाडू सांगतो, बचावपटू कुठे फसला, गोलरक्षक पाऊलभर उशिरा का निघाला. ही नजर मैदानातच कमवावी लागते.

फ्रान्सच्या १९९८च्या विश्वविजेत्या संघातले रॉबेर पिरेस २०१४च्या पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी गोवाकडून खेळले आणि २०२२च्या विश्वचषकात भारतीय वाहिनीवर तज्ज्ञ म्हणून बसले. त्यांचे फ्रेंच सहकारी डेव्हिड त्रेझेगे २०१४मध्येच बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडून उतरले होते. पुण्याच्या पोरांना दुचाकीवरून गाठता येईल, असं हे मैदान!

२०२३च्या आयपीएलला मराठी समालोचन होतं, क्रिकेटपटू केदार जाधव त्यात बोलला. फुटबॉललाही ते हवंच. वाहिन्यांनी मराठी बोलणाऱ्या माजी फुटबॉलपटूंना, प्रशिक्षकांना माईक द्यावा.