करकर कुठून येते?

विद्यार्थी मित्रांनो, जुन्या पद्धतीची कोल्हापुरी वहाण चालताना करकर वाजते. हौशी गिऱ्हाईक ती पायात घालून चार पावले टाकतो, आवाज पारखतो आणि मगच पैसे मोजतो. परंतु हीच करकर मोटारीच्या पुढच्या चाकापाशी ऐकू येऊ लागली, तर तिचे कौतुक करून भागत नाही. ती कुठून येते हे शोधावे लागते. गेल्या पावसाळ्यात असा शोध घेण्याची संधी मला राजारामपुरीत, माझ्या दारातच मिळाली.

आमच्या शेजाऱ्यांचा एक पिकअप आहे. आठवड्यातून दोनदा ते भाजीपाला भरून आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरतात. पहाटे गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी सावकाश गेली की पुढून ‘कर्रर्र’ असा आवाज येई. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की तो नाहीसा होई. एके दिवशी दणकून पाऊस झाला आणि आवाज थांबला. शेजारी म्हणाले, “सर, पावसानं गाडी आपोआप बरी झाली बघा!” पुढे दोन दिवस ऊन पडले आणि करकर परत आली.

आता विचार करा. आवाज सावकाश हालचालीतच येतो, पाण्याने थांबतो, सुकल्यावर परत येतो. या तीन खुणा कशाकडे बोट दाखवतात? अर्थातच घर्षणाकडे.

एक सोपा प्रयोग करून पाहा. एका विटेला दोरा बांधून त्याला लांब रबर जोडा आणि वीट फरशीवर सावकाश ओढा. वीट लगेच हलत नाही. रबर ताणत जाते, मग वीट एकदम पुढे घसरते, रबर सैल पडते आणि वीट पुन्हा थांबते. असे का होते? स्थिर वस्तू हलवण्यासाठी जेवढे घर्षण जिंकावे लागते, त्याहून ती घसरत असतानाचे घर्षण कमी असते. पहिल्याला स्थितिक आणि दुसऱ्याला गतिक घर्षण म्हणतात. वीट अडकलेली असताना रबरात ऊर्जा साठते आणि घसरताना ती मोकळी होते. आता वीट जोराने ओढा. हिसके कमी होऊन ती सलग सरकू लागेल.

अडकणे आणि घसरणे हा खेळ सेकंदाला काही शे वेळा घडला, तर आजूबाजूचे भाग कंप पावतात आणि आपल्याला करकर ऐकू येते. फळ्यावर किंचाळणारा खडू आणि कुरकुरणारी दाराची बिजागरी ही याचीच उदाहरणे होत. व्हायोलिनचा गजही तारेला असाच पकडतो आणि सोडतो. अशा तारांच्या कंपनांवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१८ साली एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला होता. धातूंच्या घसरण्यातील हे हिसके बाउडेन आणि लेबेन यांनी १९३९ साली प्रयोगांनी दाखवून दिले.

कारण कळले, परंतु जागा? पुढच्या चाकाला आधार देणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे सस्पेन्शनमध्ये, घासण्याजोग्या जागा अनेक असतात. आर्म आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या टोकांना रबरी बुश असतात, तर आर्म आणि चाक यांना जोडणारे बॉल जॉइंट असतात. चांगला बुश घसरत नाही. त्यातले रबर फक्त पिळले जाते. त्याची धातूवरची पकड सुटली की तो घसरतो आणि ओरडतो. बॉल जॉइंटमध्ये मात्र पोलादी गोळा वाटीत फिरतच असतो. त्याला ग्रीस लागते आणि ते टिकावे म्हणून वर रबरी टोपी असते.

उद्यमनगरातून ओळखीचे मिस्त्री आले. त्यांनी गाडीचा पुढचा कोपरा दाबून खालीवर हलवला. करकर आली, पण कोणी म्हणे डावीकडून, कोणी म्हणे उजवीकडून! यात नवल नाही. पोलादातून ध्वनी हवेतल्यापेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने जातो आणि फारसा क्षीण न होता सगळ्या सांगाड्यात पसरतो. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका जोडावर टेकवले आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावली. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच तो! आवाज डाव्या बाजूचा ठरला.

मग मी म्हटले, “पावसाने जे केले तेच आपण करू, पण एका वेळी एकाच जागी.” बाटलीतले पाणी आधी वरच्या आर्मच्या बुशवर सोडले. दहा वेळा गाडी दाबली, करकर कायम. मग शॉक ॲब्सॉर्बरचा बुश, करकर कायम. शेवटी खालचा बॉल जॉइंट. दोनचार दाबांतच आवाज गप्प झाला. सगळीकडे एकदम पाणी मारले असते तर आवाज थांबला असता, पण आपल्याला काहीच कळले नसते.

टोपी फाटलेली होती. आतले ग्रीस जाऊन तांबूस चिखल साचला होता. ज्या पावसाला आम्ही औषध समजलो, तोच आत शिरून गोळा गंजवत होता.

दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा होता. शेजारी म्हणाले, “सध्या ग्रीस मारून द्या, आल्यावर बघू.” मिस्त्रींनी काही न बोलता चाक उचलून गाडी भक्कम स्टँडवर घेतली आणि टायरखाली पहार घालून हिसका दिला. जॉइंट खडखडला. ग्रीसने करकर थांबली असती, झीज भरून आली नसती. असा गोळा वाटीतून निसटला तर चाक आडवे होते आणि सुकाणू हाती राहत नाही. शेजाऱ्यांनी पहार स्वतः हलवून पाहिली, आणि ती खेप रद्द केली.

मित्रांनो, मोठ्यांच्या देखरेखीवाचून असल्या गाडीखाली जाऊ नका, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीच जाऊ नये.

तो जुना गोळा आता आमच्या प्रयोगशाळेत आहे. विद्यार्थी त्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजतात आणि एका दिशेला एक, तर काटकोनातल्या दिशेला दुसरेच माप आले की चक्रावतात. मग मी त्यांना करकरीची ही गोष्ट सांगतो.