सेकंदाला हजार मापं, पण कळवायची किती?

तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेल्या झरी जामणी तालुक्याच्या पोटात काळंही आहे आणि फिकटही. मार्की-मांगलीकडे कोळसा, मुकुटबनला चुनखडी. मुकुटबनला २०२२ पासून मोठा सिमेंट कारखानाही आहे, आणि सिमेंटच्या भट्टीला दोन्ही लागतात.

समजा, अशा मालाच्या धावत्या बेल्टवर ३ मीटर उंचीवर अंतर मोजणारा लेझर सेन्सर टांगला. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर कापतो. म्हणजे खाली जाऊन परत यायला २० नॅनोसेकंद. तेवढ्यात सेकंदाला २ मीटर पळणारा बेल्ट किती सरकला? मिलिमीटरचा पंचवीस हजारावा भाग! प्रकाशाच्या लेखी बेल्ट उभाच आहे.

मग मापं हवी तितकी झटपट का घेता येत नाहीत? कारण प्रकाश भराभर जातो, पण परत फार थोडा येतो. चुनखडीची फिकट भुकटी बराच प्रकाश उधळून देते. कोळसा मात्र बहुतेक सगळा गिळून बसतो. त्याच्याकडून आलेली क्षीण चमक गोळा करायला प्रत्येक मापाला जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून सेकंदाला होणारी मापं घटतात. काही सेन्सर तर काळा माल दिसताच आपणहून सावकाश होतात. जमिनीत कोणता दगड आहे, यावर यंत्राची चाल ठरते, याची मला फार गंमत वाटते.

मोजणं वेगळं आणि कळवणं वेगळं. सेन्सर सेकंदाला १००० मापं घेतो आणि १०० मापांची सरासरी काढून एक आकडा पाठवतो, असं धरा. मापांतली आपोआप होणारी थरथर त्यामुळे दहापट कमी होते. पण आकडे सेकंदाला १०च उरले, आणि प्रत्येक आकड्यात बेल्टचा २० सेंटिमीटर तुकडा मिसळला. त्यातलं एखादं ढेकूळ सपाट होऊन गेलं, तर सेन्सरला दोष कशाला द्यायचा?

सरासरी न काढता सगळी हजार मापं पाठवावीत, तर वायर आडवी येते. ९६०० बॉडच्या सिरियल जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं जातात. एका मापाला १० अक्षरं लागली, तर मापं फक्त ९६. विहिरीला पाणी भरपूर, पण तोटी अर्ध्या इंचाची! जोडणी १,१५,२०० वर नेली की ११५२ मापं जाऊ शकतात. हजारांची सोय झाली.

सायलोतली पातळी मोजायची असेल तर एवढी धावपळ लागतच नाही. तिथे माल हळूहळू चढतो. मोजणी आत वेगाने चालू द्यावी आणि सेकंदाला एक आकडा बाहेर काढावा, पुरे. फक्त काच पुसत राहायची. तिच्यावर सिमेंटची धूळ बसली, तर हजार मापांच्या सरासरीनेही ती निघत नाही.