आजारी कोंबडी : शुश्रूषा कुठवर?

परसातली कोंबडी पिसं फुगवून, मान पाडून बसली की तिला इतरांपासून वेगळी ठेवावी, डालग्यावर गोणपाट टाकून ऊब द्यावी, पाणी थेंबाथेंबानं चोचीच्या कडेला लावावं. पण हिरवट हगवण, धाप आणि पिळवटलेली मान दिसली, तर मानमोडी या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. त्यावर औषध नाही. खरी शुश्रूषा आधीच व्हायला हवी : पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब, पुढे सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी लसीची टोचणी.

‘दहा कोंबड्यांसाठी लस कोण आणणार?’ हा आक्षेप रास्तच आहे. कुपीत शेकडो मात्रा असतात आणि लस एकदा कालवली की लगेच संपवावी लागते. म्हणून ते काम वस्तीनं मिळून करावं. ‘मरायच्या आत कापून खाऊ’ हा हिशेब मात्र घातक आहे, कारण अशीच लक्षणं बर्ड फ्लूचीही असू शकतात. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. आजारी पक्षी कापणं, सोलणं हाच माणसाला संसर्गाचा मोठा धोका. कळवलं तर सगळ्याच कोंबड्या मारतील, ही भीती समजण्यासारखी आहे. पण लपवलेली साथ शेजारच्या खुराड्यातही शिरते. एक आजारी पडली तर घरी सांभाळा. पटापट मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.