निचिजो-केई

निचिजो-केई हा जपानी मांगा (चित्रकथा) आणि ॲनिमे (ॲनिमेशनपट) यांतील एक हलकाफुलका उपप्रकार आहे. जपानी भाषेत 'निचिजो' म्हणजे रोजचे जीवन आणि 'केई' म्हणजे धाटणी किंवा वर्ग. या धाटणीच्या बहुतेक कथांत चार-पाच शाळकरी मैत्रिणींचा एक गट असतो. त्यांचा वर्ग, मधली सुट्टी, शाळा सुटल्यानंतरचे छंदमंडळ, सहल, परीक्षेची धांदल आणि खाणेपिणे एवढाच कथेचा विषय असतो. खलनायक, गूढ रहस्य किंवा प्रेमाचा त्रिकोण यांना येथे सहसा स्थान नसते. याच धाटणीला 'कूकी-केई' असेही म्हणतात. 'कूकी' म्हणजे हवा. घटनांपेक्षा वातावरणाला महत्त्व देणारी कथा असा त्याचा आशय आहे. मन शांत करणाऱ्या कथांसाठी वापरली जाणारी 'इयाशी-केई' ही संज्ञा याच्या जवळची असली, तरी ती अधिक व्यापक आहे आणि तीत शाळा किंवा मुली असणे आवश्यक नसते.

उगम

या धाटणीचे मूळ 'योनकोमा' या चार चौकटींच्या चित्रमालिकेत आहे. योनकोमाच्या चौकटी वरून खाली वाचल्या जातात आणि त्यांची कामे ठरलेली असतात. पहिल्या चौकटीत प्रसंग मांडला जातो, दुसरीत तो पुढे सरकतो, तिसरीत अनपेक्षित कलाटणी मिळते आणि चौथीत शेवट होतो. जपानी भाषेत या क्रमाला 'कि-शो-तेन-केत्सु' असे म्हणतात. 1991 पासून दैनिक 'सकाळ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'चिंटू' या चित्रमालिकेमुळे रोजच्या घरगुती प्रसंगावरील चौकटींचा विनोद मराठी वाचकाला परिचित आहे. योनकोमाचा विनोदही त्याच जातीचा असतो.

जपानमध्ये या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कुटुंबकथा म्हणजे हासेगावा माचिको यांची 'साझाए-सान'. ती 1946 मध्ये सुरू झाली आणि तिच्यावरील ॲनिमे 1969 पासून चालू आहे. शाळकरी मैत्रिणींच्या कथेला आजचे रूप मात्र अझुमा कियोहिको यांच्या 'अझुमांगा दाइओह' या योनकोमाने दिले. ही मालिका 1999 ते 2002 या काळात प्रसिद्ध झाली आणि 2002 मध्येच तिचे 26 भागांचे ॲनिमे प्रसारित झाले. दहाव्या वर्षीच उच्च माध्यमिक शाळेत दाखल झालेली हुशार चियो, मांजरांवर जीव असूनही त्यांच्याकडून चावून घेणारी अबोल साकाकी, ओसाका शहरातून आल्यामुळे सगळ्यांनी 'ओसाका' हेच नाव पाडलेली तंद्रीखोर मुलगी अशी त्यातील पात्रे पुढील अनेक मालिकांचे साचे ठरली.

2002 मध्येच होउबुन्शा या प्रकाशनसंस्थेने 'मांगा टाइम किरारा' हे योनकोमाचे नियतकालिक काढले. त्यातून आणि त्याच्या भावंड-नियतकालिकांतून 'हिदामारी स्केच', 'के-ऑन!', 'किनइरो मोझाइक', 'युरू कॅम्प' आणि 'बोची द रॉक!' या मालिका आल्या. त्यामुळे या धाटणीला पुष्कळदा 'किराराछाप' असेही संबोधले जाते. 'लकी स्टार', 'निचिजो' आणि 'नोन नोन बियोरी' या तितक्याच महत्त्वाच्या मालिका मात्र इतर प्रकाशनांच्या आहेत.

रचना

चार चौकटींचा विनोद पडद्यावर अर्ध्या मिनिटात संपतो, तर ॲनिमेचा एक भाग सुमारे 24 मिनिटांचा असतो. उरलेला वेळ कसा भरावा, या अडचणीतूनच या धाटणीची चित्रभाषा घडली. 'लकी स्टार' (2007) हे क्योतो ॲनिमेशनचे ॲनिमे पहिल्याच भागात चॉकलेट भरलेला शंकूच्या आकाराचा पाव कोणत्या टोकाकडून खावा, या चर्चेत बराच वेळ घालवते. पावाचे डोके कोणते आणि शेपूट कोणते, यावर मैत्रिणींचे एकमत होत नाही. या प्रसंगाने मालिकेचे प्रेक्षक पहिल्याच दिवशी दोन गटांत विभागले: काहींनी पुढचा भाग पाहिलाच नाही आणि काहींनी पुढे एकही भाग चुकवला नाही, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

त्याच संस्थेच्या 'के-ऑन!' (2009 आणि 2010) या मालिकेत दिग्दर्शिका यामादा नाओको यांनी मोकळा वेळ वेगळ्या रीतीने वापरला. बोलणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याऐवजी तिचे चुळबुळणारे पाय, कपाच्या कडेवरची बोटे किंवा खिडकीतून येणारा तिरपा उजेड दाखवून त्या मनःस्थिती सूचित करतात. कथेचा गाभा साधा आहे. बंद पडू पाहणारे शाळेचे संगीत मंडळ टिकावे म्हणून चार मुली वाद्यवृंद सुरू करतात आणि नंतर एक वर्षाने लहान असलेली आझुसा त्यांना येऊन मिळते. सरावापेक्षा चहा आणि केक यांतच त्यांचा अधिक वेळ जातो. वाद्यवृंदाचे नावही 'होकागो टी टाइम', म्हणजे शाळा सुटल्यानंतरचा चहा, असे आहे. या काल्पनिक वाद्यवृंदाच्या नावाने निघालेला गीतसंग्रह 2009 मध्ये जपानच्या ओरिकॉन विक्रीसूचीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

काळाची वागणूक

'साझाए-सान'मधील कुटुंबाचे वय वाढत नाही. निचिजो-केई वरवर पाहता तशीच वाटते, परंतु शाळेमुळे तिच्यात काळ शिरतो. जपानी उच्च माध्यमिक शिक्षण तीन वर्षांचे असते, वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये निरोपसमारंभ होतो. 'अझुमांगा दाइओह' आणि 'के-ऑन!' या दोन्ही मालिका तिथेच संपतात. काहीच घडत नाही असे वाटणाऱ्या 'के-ऑन!'च्या दुसऱ्या पर्वात चौघी उत्तीर्ण होऊन जाणार आणि आझुसा एकटी मागे राहणार, ही जाणीव हळूहळू साचत जाते. शेवटच्या भागातील निरोपाचा परिणाम त्याआधीच्या वीसेक 'रिकाम्या' भागांवर अवलंबून आहे, हे या धाटणीच्या टीकाकारांच्या पुष्कळदा लक्षात येत नाही.

'नोन नोन बियोरी'ने याच्या उलट मार्ग काढला. 2015 मधील तिचे दुसरे पर्व पुढच्या वर्षात न जाता पहिल्या पर्वातील (2013) त्याच वर्षाकडे परतते आणि तेव्हा न दाखवलेले दिवस दाखवते. काळ पुढे सरकतो तो 2021 च्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटी.

पडद्यावरची शाळा आणि जमिनीवरची शाळा

या मालिकांतील शाळांची चित्रे बहुधा प्रत्यक्षातील इमारतींवरून काढलेली असतात. त्यांपैकी अनेक इमारतींत आज वर्ग भरत नाहीत.

'के-ऑन!'मधील शाळा शिगा प्रांतातील तोयोसातो येथील जुन्या प्राथमिक शाळेवरून घेतली आहे. ही इमारत 1937 मध्ये वास्तुविशारद विल्यम मेरेल व्होरिस यांनी उभारली. तिचा खर्च गावचेच सुपुत्र आणि मारुबेनी या व्यापारी संस्थेतील अधिकारी फुरुकावा तेत्सुजिरो यांनी दिला. जिन्याच्या कठड्यावर ससा आणि कासवाच्या छोट्या मूर्ती बसवलेल्या आहेत. पायरी चढता चढता मुलांना शर्यतीची गोष्ट दिसावी, अशी ती योजना होती आणि मालिकेतही त्या मूर्ती वारंवार दिसतात. ही इमारत पाडण्याचा निर्णय नगरप्रशासनाने घेतल्यावर गावकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि 2003 मध्ये नगरप्रमुखाला मतदानाने पदावरून दूर केले. इमारत वाचली, मात्र शाळा शेजारच्या नव्या वास्तूत गेली. दुरुस्त झालेली जुनी वास्तू 2009 मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, लोकांसाठी खुली झाली. तिथे येणारे प्रेक्षक संगीतखोलीतील टेबलावर चहाचे कप मांडून ठेवतात.

'नोन नोन बियोरी'तील लाकडी शाळेचे मूळ साइतामा प्रांतातील ओगावा येथील शिमोसातो शाखाशाळेत आहे. ती 2011 मध्ये अधिकृतपणे बंद झाली. 'युरू कॅम्प'मधील शाळाही यामानाशी प्रांतातील मिनोबू येथील बंद पडलेल्या शाळेवरून चितारली आहे. हा योगायोग नाही. जपानमध्ये मुलांची संख्या घटल्यामुळे 2002 ते 2020 या काळात सुमारे साडेआठ हजार सार्वजनिक शाळा बंद झाल्या. शांत, जुनी, दगदग नसलेली शाळा शोधणाऱ्या चित्रकारांना ती बहुधा अशाच ठिकाणी सापडते.

निचिजो-केई हा विषय क्वचितच उघडपणे मांडते. शेजारच्या 'आयडॉल' धाटणीने तो मांडला आहे. 'लव्ह लाइव्ह!' (2013) मध्ये पट कमी झाल्याने बंद होणारी शाळा मुली नाचगाण्याने वाचवतात. नुमाझू येथील समुद्रकाठी घडणाऱ्या 'लव्ह लाइव्ह! सनशाइन!!' मध्ये मात्र तेच प्रयत्न अपुरे ठरतात. शंभर प्रवेशअर्जांची अट असताना 98 अर्ज येतात आणि शाळा बंद होते.

बहुवर्ग शाळा आणि मराठवाडा

भारतीय दूरचित्रवाणीने डोरेमॉन आणि शिन-चॅन घरोघरी पोहोचवले. निचिजो-केई मात्र येथे मुख्यतः इंटरनेटवरील प्रसारणसेवांतून आणि उपशीर्षकांसह पाहिली जाते. तिच्यातील शहरी उच्च माध्यमिक शाळा ग्रामीण मराठी प्रेक्षकाला परकी वाटू शकते. 'नोन नोन बियोरी'तील शाळेचे तसे नाही. आसाहिगाओका या गावच्या शाळेत एकूण पाच विद्यार्थी आहेत: पहिलीतली रेंगे, पाचवीतली आणि तोक्योहून नुकतीच आलेली होतारू, सातवी-आठवीतल्या नात्सुमी व कोमारी या बहिणी आणि त्यांचा सहसा एकही शब्द न बोलणारा मोठा भाऊ. सगळे एकाच खोलीत बसतात. शिक्षिका ही रेंगेचीच थोरली बहीण असून ती वर्गात बहुतेक वेळ डुलक्या घेते. पहिल्याच भागात शहरातून आलेल्या मुलीचे बोलणे ऐकून रेंगेला प्रथमच शंका येते, की आपण राहतो ते खेडे तर नव्हे?

एका खोलीत अनेक इयत्ता ही धाराशिव जिल्ह्यातील वाडी-तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळांना नवलाची गोष्ट नाही. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी-चौथी असते. एका इयत्तेला गणित देऊन दुसरीचे वाचन घ्यावे लागते आणि मोठी मुले धाकट्यांची पाटी तपासतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. मालिकेतील शिक्षिकेची झोप हा विनोद आहे. प्रत्यक्षात अशा शाळेत एका जागी बसणेही शिक्षकाला जमत नाही. मोठ्या मुलीने लहान मुलीला सांभाळत शाळेत आणणे, पाच वर्षांचे अंतर असूनही मैत्रिणी होणे, हे चित्र मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

पटाचा प्रश्नही सारखाच आहे, कारणे मात्र वेगळी. जपानमध्ये जन्मदर घटला. मराठवाड्यात ऊसतोडीसाठी आणि शहराकडे होणारे स्थलांतर, तसेच इंग्रजी माध्यमाची ओढ यांमुळे छोट्या शाळांचा पट खाली जातो. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा या अंतराचा मुद्दा पुढे आला. समर्थकांच्या मते मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक, प्रयोगशाळा आणि मैदान मिळते. विरोधकांच्या मते शाळा लांब गेली की प्रथम मुलींचे शिक्षण थांबते. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस याच अडचणीवरचे उपाय आहेत. 'नोन नोन बियोरी'त बसथांब्यावर ताटकळणे हा विसाव्याचा प्रसंग असतो. हंगामात उशिरा येणाऱ्या एसटीची वाट पाहणाऱ्या मुलीला तो तसा वाटेलच असे नाही.

टीका

या धाटणीवर मुख्य आक्षेप असा, की ती मुलींचे वास्तव दाखवत नाही. किराराची नियतकालिके प्रामुख्याने तरुण पुरुष वाचकांसाठी निघतात आणि त्यांतील मुली गोंडस, निरुपद्रवी व कायम आनंदी असतात. मुलगे जवळजवळ नसतात, आईवडील क्वचित दिसतात, गरिबी नसते. जपानी शाळांतील छळ आणि शाळेत जाणेच थांबवणारी मुले, हे गंभीर प्रश्न येथे उमटत नाहीत. आक्षेप रास्त आहे. मात्र यामादा नाओको, पटकथाकार योशिदा रेइको, 'हिदामारी स्केच'च्या आओकी उमे अशा स्त्रियांनी या धाटणीतील महत्त्वाचे काम केले आहे, आणि 'बोची द रॉक!' (2022) सारख्या अलीकडच्या मालिकेत लोकांत मिसळण्याची भीती हाच कथेचा विषय झाला आहे.

स्थळयात्रा आणि क्योतो ॲनिमेशनची आग

'लकी स्टार'मधील दोन बहिणींचे घर असलेले देवस्थान साइतामा प्रांतातील वाशिनोमिया देवस्थानावरून घेतले आहे. मालिकेपूर्वी नववर्षाच्या दर्शनाला तिथे येणाऱ्यांची संख्या बरीच कमी होती. मालिकेनंतर, 2008 मध्ये, हा आकडा सुमारे 3 लाखांवर गेला. स्थानिक व्यापाऱ्यांनी मालिकेतील पात्रांची चित्रे असलेल्या वस्तू विकायला काढल्या. ॲनिमेच्या स्थळांना भेट देण्याला जपानमध्ये 'सेइचि जुनरेई', म्हणजे पुण्यस्थळांची यात्रा, असे म्हणतात.

18 जुलै 2019 रोजी क्योतो ॲनिमेशनच्या क्योतो शहरातील पहिल्या स्टुडिओला एका इसमाने आग लावली. त्यात 36 जणांचा मृत्यू झाला. 'लकी स्टार'चे दिग्दर्शक ताकेमोतो यासुहिरो हे मृतांपैकी एक होते. घटनेनंतर तोयोसातोच्या जुन्या शाळेतही चाहत्यांनी फुले वाहिली.